स्वतःच्याच शोधाला पर्याय

इंडक्शन शेगडीचं बटण दाबलं की आतून बारीक गुणगुण सुरू होते. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होत असतो. ही उघडझाप करणारा पोस्टाच्या तिकिटाएवढा काळा ट्रान्झिस्टर म्हणजे आयजीबीटी. मुंबईच्या नव्या लोकल पळतात त्याही याच जातीच्या जोरावर. त्यामागचं बी. जयंत बालिगा हे नाव मात्र इंजिनिअरिंगच्या वर्गाबाहेर फारसं कुणी घेत नाही.

बालिगा वाढले बंगळुरूच्या जालहळ्ळीत. १९६९ मध्ये आयआयटी मद्रासची पदवी, १९७४ मध्ये अमेरिकेत पीएचडी, आणि तिथून थेट जनरल इलेक्ट्रिकची प्रयोगशाळा.

तेव्हाचा मोठा बायपोलर ट्रान्झिस्टर चालवायलाच भरपूर करंट लागे. मॉसफेट हा दुसरा प्रकार गेट नावाच्या टोकाला दिलेल्या नुसत्या इशाऱ्यावर चाले, पण जास्त व्होल्टेजचा केला की तापे. बालिगांनी दोघांचे गुण सिलिकॉनच्या एकाच तुकड्यात आणले, तोच आयजीबीटी. त्यात एक चोरटा थायरिस्टर, म्हणजे आणखी एक स्विचही आपोआप तयार होई. तो एकदा चालू झाला की गेटला जुमानत नसे. त्याचा बंदोबस्त झाला, तरी वेगाचं दुखणं उरलंच. बंद करताना रेंगाळणारे विद्युतभार घालवायला चिपवर इलेक्ट्रॉनचा मारा करावा, तर गेट बिघडे. मग त्यांनी चिप बेताने तापवली. गेट सावरलं, कमावलेला वेगही टिकला. मला विचाराल, तर अख्ख्या कारकिर्दीतली सर्वांत देखणी जागा हीच.

१९८८ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. एवढं नाव मिळाल्यावर माणूस आपल्या शोधाची राखण करत बसतो. हे गृहस्थ त्याला पर्याय शोधायला निघाले! त्यांचंच जुनं सूत्र सांगत होतं, की फुटण्याआधी पदार्थ जेवढं विद्युतक्षेत्र सोसतो, त्याच्या घनाच्या पटीत अशा ट्रान्झिस्टरसाठी त्याची लायकी वाढते. सिलिकॉन कार्बाइड सिलिकॉनच्या सुमारे दहापट सोसतं. १९९२ मध्ये बालिगा आणि सहकाऱ्यांनी त्याचा ४०० व्होल्टचा डायोड करून दाखवला. तसे डायोड बाजारात यायला २००१ उजाडलं, मॉसफेटला आणखी दहाएक वर्षं लागली. पुढे टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये हेच मॉसफेट मोटर चालवू लागले.

२०१४ मध्ये आयईईईचं मेडल ऑफ ऑनर, २०२४ मध्ये फिनलंडचा दहा लाख युरोंचा मिलेनियम पुरस्कार. हा दुसरा मिळाला तो मात्र आयजीबीटीसाठीच. स्वयंपाकघरातल्या शेगडीतही अजून सिलिकॉनच आहे. ते स्वस्त पडतं.