जुनी लष्करी रायफल घेताना…

अमेरिकेत सैन्याने मोडीत काढलेल्या रायफली जमवणारा मोठा वर्ग आहे. या छंदात नव्याने येणाऱ्यांसाठी काही मुद्दे:

परवाना : किमान ५० वर्षे जुन्या, मूळ स्वरूपातल्या शस्त्रांसाठी संघराज्याचा संग्राहक परवाना मिळतो. मुदत ३ वर्षे, शुल्क ३० डॉलर. राज्याचे कायदे वेगळे असतात. ते आधी वाचा.

क्रमांक : बोल्ट आणि रिसीव्हरवरचे क्रमांक जुळतात का, ते पाहा. जुळणाऱ्या रायफलीला किंमत जास्त मिळते.

नळी : आतून उजेडात तपासा. आटे झिजलेले किंवा गंजाने खड्डे पडलेले असतील, तर नेम बिघडतो.

सुरक्षितता : पहिली गोळी झाडण्यापूर्वी गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्टचे तोंड आणि काडतूस चेंबरमध्ये जिथे अडते ती जागा यांतले अंतर) मोजून घ्याच. स्प्रिंगफील्ड कारखान्यात बनलेल्या १९०३ मॉडेलचा क्रमांक ८,००,००० च्या खाली असेल, तर रिसीव्हर ठिसूळ असू शकतो. ती रायफल झाडू नका.

काडतूस : नळीवरचा शिक्का वाचा. आपल्या ईशापूर कारखान्याची २ए१ दिसते ली-एनफिल्डसारखी, पण तिला ७.६२ मिमी नाटो काडतूस लागते; .३०३ चालत नाही.

सफाई : जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधले क्षार नळीत राहून ओल धरतात. गोळ्या झाडल्या त्याच दिवशी नळी पाण्याने धुवा, कोरडी करा, मग तेल लावा.

जपणूक : दस्ता घासून पॉलिश करू नका. तपासनिसांचे शिक्के पुसले, तर इतिहासाचा पुरावाच जातो.