टर्की

येरवड्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राला यंदा चाळीस वर्षं होताहेत. आणि गेल्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या मिरवणुकीत शाळकरी पोरं ‘चिट्टा वे’वर बेभान नाचत होती. चिट्टा म्हणजे पंजाबातलं हेरॉइन. हे गाणं ज्यातलं, तो ‘उडता पंजाब’ त्या विषाविरुद्धचा सिनेमा, पण डीजेच्या भिंतीतून फक्त ठेका बाहेर पडतो. ते दृश्य मला फार लागलं.

नशेची बोली गाण्यात शिरली ती रॉकच्या कितीतरी आधी. लुई आर्मस्ट्राँगने 1928 साली गांजाच्या सिगारेटचं तेव्हाचं टोपणनावच एका रेकॉर्डला दिलं होतं. साठच्या दशकावर तर ढिगाने लिहून झालंय. बीबीसीने 1967 साली बीटल्सचं ‘अ डे इन द लाइफ’ अडवलं, पुढे आकाशवाणीने ‘दम मारो दम’. दोन्ही गाणी घरोघरी पोचायची ती पोचलीच. रॉकवर लिहिणाऱ्यांनी ओळीओळीतला छुपा अर्थ कौतुकाने उलगडून दाखवला. जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन 1970च्या एकाच पावसाळ्याअखेर, दोघंही सत्ताविसाव्या वर्षी गेली, हे मात्र त्यांनी दंतकथा म्हणून विकलं. त्याबद्दल माझा त्यांच्यावर आजही राग आहे.

माझा काळ मुंबईतल्या ऐंशीच्या दशकाचा. रंगभवनात गिटार कडाडायची आणि रोलिंग स्टोन्सचं 1971चं ‘ब्राउन शुगर’ आम्हाला पाठ होतं. त्याच नावाची मातकट पूड तेव्हा शहरात पुड्यांतून फिरू लागली. रस्त्यावर तिला गर्द म्हणत. इंग्रजी नावामुळे ती कॉलेजातल्या पोरांना परकी वाटली नाही, उलट रुबाबाची वाटली. आमच्यातला ड्रम वाजवणारा मुलगा असाच तिच्याकडे ओढला गेला. आधी घड्याळ गेलं, मग एकेक करत ड्रमच्या झांजा विकल्या गेल्या. शेवटी आईच्या बांगड्या. मे महिन्याच्या उकाड्यात तो दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होता. नाकाडोळ्यांतून पाणी, पायांत गोळे. “टर्की लागलीय रे,” एवढंच म्हणाला. टर्की म्हणजे नशा न मिळाल्यावरची तडफड.

हाच शब्द फुटपाथवरचे गर्दुल्लेही वापरत. त्यांच्यातल्या कितीजणांनी जॉन लेननचं नाव ऐकलं असेल? लेननचं ‘कोल्ड टर्की’ 1969चं. त्याच्या अखेरीस शब्द संपतात आणि नुसतं कण्हणं, किंचाळणं उरतं. नशेवरच्या गाण्यांत मी सगळ्यात खरं मानतो ते हेच, कारण त्यात गोधडीखालच्या माणसाचे हाल ऐकू येतात. बाकीच्या बहुतेकांनी झिंगेची नावं गोड करून विकली.

ज्यांना सुरांचा गंधही नव्हता अशा गर्दुल्ल्यांचं बोलणं अनिल अवचटांनी त्यांच्या शेजारी बसून ऐकलं आणि ‘गर्द’ लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने मुक्तांगण उभं केलं. आज हे चौघंही नाहीत. घरात वयात येणारी मुलं असतील तर ‘गर्द’ आणा, आधी स्वतः वाचा, मग त्यांच्या हातात द्या.