सामाईक डेटाबेसची रचना कशी राखावी?

एका शाळेंत वार्षिक निकालाच्या वेळीं घडलेली गोष्ट आम्हांस ठाऊक आहे. तेथें सर्व इयत्तांचे गुण मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एकाच फाइलींत असत व कचेरींतले चारपांच जण ती आपापल्या संगणकावरून उघडीत. एका लेखनिकानें स्वतःच्या कामासाठीं 'अ' तुकडीची यादी हवी म्हणून क्वेरीला तशी अट घातली आणि ती तशीच सेव्ह केली. दुसऱ्या दिवशीं गुणानुक्रमाची यादी लागली, तींत 'ब' तुकडीचें एकही नांव नाहीं! त्या तुकडींतली हुशार मुलगी नोटिसबोर्डासमोर रडत उभी होती. लेखनिकाचा हेतु वाईट नव्हता. रचनाच उघडी होती.

आमच्या पालकवर्गांतही पुष्कळांस असल्या फाइली सांभाळाव्या लागतात, म्हणून यावरील उपाय येथें सांगतों.

ॲक्सेस १९९२ सालीं निघालें. माहिती साठविणारीं टेबलें आणि ती माहिती दाखविणारे फॉर्म, रिपोर्ट व क्वेऱ्या त्यांत एकाच फाइलींत राहूं शकतात. एकट्यास हें सोयीचें. अनेकांपुढें ठेविलें कीं हीच सोय घात करिते. ह्यास्तव प्रथम फाइलीचे दोन भाग करावे. टेबलांची फाइल सामाईक संगणकावर ठेवावी. बाकीच्यांची फाइल तिला जोडून तिची एकेक प्रत प्रत्येकाच्या संगणकावर द्यावी. मग कोणी क्वेरी बिघडविली तरी बिघाड त्याच्याच प्रतीपुरता राहतो, व नवी प्रत दिली कीं काम भागतें. एवढें केलें असतें तरी ती यादी पुरी छापली गेली असती.

वाटावयाची प्रत एसीसीडीई जातीची करावी. तींत फॉर्म, रिपोर्ट व मॉड्यूल यांची रचना बदलतां येत नाहीं. मात्र मूळ एसीसीडीबी फाइल जिवापाड जपावी. ती हरवली तर पुढें स्वतः कर्त्यासही फॉर्मांत सुधारणा करितां येणार नाहीं.

एसीसीडीई केली म्हणजे सारें कुलूपबंद झालें, हा मात्र भ्रम होय. क्वेऱ्या तींतही बदलतां येतात. नॅव्हिगेशन पेन लपविला तरी फाइल उघडतांना शिफ्ट दाबून धरल्यास तो पुन्हा दिसतो. ती वाट 'अलाउ बायपास की' हा गुणधर्म बंद करून अडवितां येते, पण जाणता मनुष्य तीही उघडतो. जुन्या एमडीबी फाइलींत प्रत्येकास निराळे अधिकार नेमून देण्याची सोय होती; २००७ च्या आवृत्तीबरोबर आलेल्या नव्या जातीच्या फाइलींत ती ठेविली नाहीं, हें आम्हांस अजून खटकतें. जोडलेल्या टेबलांची रचना प्रतींतून बदलत नाहीं खरी. परंतु नोंदी करणाऱ्यांस सामाईक फोल्डरांत लिहिण्याचा अधिकार द्यावाच लागतो, व ज्यास तो आहे तो चुकून सबंध फाइलही पुसूं शकेल. तेव्हां टेबलांच्या फाइलीची नक्कल रोज दुसरीकडे काढून ठेवावी.

त्या शाळेंत आतां कोणास बदल हवा असल्यास तो एका वहींत लिहितो, आणि एक शिक्षक शनिवारीं मूळ फाइलींत तो करून नव्या प्रती देतात. वहींतली पहिलीच मागणी 'अ' तुकडीच्या वेगळ्या यादीची आहे.