श्रीराम अभ्यंकर आणि सिंग्युलर बिंदूंची भूमिती

बहुपदी समीकरणांनी ठरणाऱ्या आकृत्यांना बीजगणितीय व्हरायटी म्हणतात. त्यांची वर्गवारी करताना बायरॅशनल भूमिती सैल कसोटी लावते: दोन आकृत्यांतला थोडा भाग वगळून उरलेला तंतोतंत जुळला, तर त्या एकाच कुळातल्या. अशा कुळाचा प्रतिनिधी कोण, हे मात्र सिंग्युलर बिंदूंचा, म्हणजे जिथे आकृती गुळगुळीत नाही अशा बिंदूंचा, विचार केल्याशिवाय ठरत नाही.

सिंग्युलर बिंदूची खरी पारख आकृतीवरच्या बहुपदी फलनांच्या वलयात होते. य² = क्ष³ या वक्राला आरंभबिंदूपाशी टोक आहे. तिथे शून्य होणाऱ्या फलनांचे आयडियल, बिंदू गुळगुळीत असता तर, एकाच जनकातून निघाले असते, कारण वक्र एकमितीय आहे. इथे क्ष आणि य दोन्ही लागतात. ट = य/क्ष मानले, तर क्ष = ट² आणि य = ट³. वलयात ट² आहे, ट³ आहे, ट तेवढा नाही. तो सामील केला की टोक जाते.

य² = क्ष³ + क्ष² हा वक्र स्वतःलाच छेदतो. त्यात ट² = क्ष + १, म्हणून छेदबिंदूवर ट च्या दोन किमती येतात आणि दोन्ही फाटे सुटतात. कोकणात पूर्णगडजवळ मुचकुंदी नदीची खाडी आणि तिच्यावरच्या पुलाचा रस्ता नकाशावर एका बिंदूत छेदतात. उंची मोजली की होडीची आणि गाडीची वाट वेगळी होते. ट म्हणजे ती उंची.

मिती वाढली की सिंग्युलर बिंदू असे उकलण्याचे काम फार अवघड होते. कॅरॅक्टरिस्टिक शून्य असताना, म्हणजे १ कितीही वेळा मिळवून शून्य येत नसताना, ऑस्कर झारिस्की यांनी पृष्ठांचा प्रश्न १९३९मध्ये आणि त्रिमितीचा १९४४मध्ये सोडवला. सर्व मितींचा निकाल त्यांचे शिष्य हेसुके हिरोनाका यांनी १९६४मध्ये दिला. पण ज्या क्षेत्रात १ ही संख्या 'प' वेळा मिळवली की शून्य येते (प मूळ संख्या; हीच त्या क्षेत्राची कॅरॅक्टरिस्टिक), तिथे क्ष च्या प-व्या घाताचा विकलजही शून्य होतो. विकलनावर उभी असलेली हत्यारे तिथे बोथट ठरतात.

ही खिंड लढवली ती श्रीराम शंकर अभ्यंकर यांनी. जन्म २२ जुलै १९३०, उज्जैन. वडील गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून ते हार्वर्डला झारिस्कींकडे गेले. पृष्ठांवरचे त्यांचे काम १९५६मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये आले. १९६६च्या ग्रंथात त्यांनी २, ३ आणि ५ सोडून इतर मूळ संख्यांसाठी त्रिमितीपर्यंत मजल मारली. शाळकरी बीजगणिताची ताकद ते आयुष्यभर आवर्जून सांगत राहिले, आणि त्यांचे काम पाहता तो आग्रह सार्थ वाटतो. पुण्यात १९७६मध्ये त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले.

मग सगळे सिंग्युलर बिंदू घालवून टाकावेत का? वर्गीकरणाने दिलेले उत्तर अनपेक्षित आहे: काही ठेवावेच लागतात. तीन चलांच्या अवकाशात प्रत्येक बिंदू आणि त्याचा ऋण बिंदू एकच मानला, तर फक्त सम घाताच्या पदांनी बनलेल्या बहुपदांचे वलय उरते. मिती तीन, पण क्ष², क्षय, य² असे सहा जनक लागतात. म्हणजे आरंभबिंदू सिंग्युलर. तो उकलल्यावर मूळ आकृतीच्या आणि उकललेल्या आकृतीच्या कॅनॉनिकल डिव्हायझरमध्ये (सर्वोच्च मितीच्या विकलक रूपांच्या शून्यांचा आणि ध्रुवांचा हिशेब) फरक पडतो. तो इथे अर्धा, म्हणजे धन आहे. असे सर्व फरक धन असतील तर बिंदूला टर्मिनल म्हणतात. हेच दोन चलांत केले तर तीन जनकांचा शंकू मिळतो आणि फरक शून्य येतो. पृष्ठांवर टर्मिनल बिंदू गुळगुळीतच असतात. म्हणून पृष्ठांचे वर्गीकरण करणाऱ्या जुन्या इटालियन भूमितिकारांना सिंग्युलर बिंदू ठेवण्याची ही सवलत लागली नाही. त्रिमितीत तिच्यावाचून कुळाचा प्रतिनिधी, म्हणजे मिनिमल मॉडेल, मिळतेच असे नाही. शिगेफुमी मोरी यांनी १९८८मध्ये मिनिमल मॉडेल शोधण्याचा कार्यक्रम त्रिमितीत पूर्ण केला. त्यांना १९९०मध्ये फील्ड्स पदक मिळाले.

हे फरक मोजायचे तर आधी बिंदू उकलता आला पाहिजे, म्हणून हे वर्गीकरण उकलीच्या प्रमेयांवर विसंबून आहे. अभ्यंकरांनी सोडलेल्या तीन मूळ संख्यांसह त्रिमितीचा प्रश्न व्हिन्सेंट कोसार आणि ऑलिव्हिए पिल्तां यांनी २००८–०९मध्ये हातावेगळा केला. अभ्यंकर २ नोव्हेंबर २०१२ रोजी निवर्तले. धन कॅरॅक्टरिस्टिकमध्ये चार आणि त्याहून अधिक मितींचा सर्वसाधारण प्रश्न अजून सुटलेला नाही.