दोन सेलांवरील बिनतारी निरोप

अमेरिकेंतील मेन संस्थानाच्या किनाऱ्यानजीक ग्रेट डक आयलंड नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथें लीचचा स्टॉर्म पेट्रेल हा समुद्रपक्षी जमिनींत बीळ करून वर्षांतून एकच अंडें घालतो व रात्रीच्या अंधारांतच ये-जा करितो. अंडें उबवीत असतां कोणीं बिळांत हात घातला, तर घरटें टाकून जाण्याचा त्याचा स्वभाव आहे. मग बिळांतील उष्णमान व ओलावा समजावा कसा? इ. स. २००२ च्या उन्हाळ्यांत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, इंटेल कंपनी व कॉलेज ऑफ दि अटलांटिक येथील मंडळींनीं त्या बेटावर, कांहीं बिळांत व कांहीं बाहेर, ३२ चिमुकलीं बिनतारी यंत्रें बसविलीं. प्रत्येकास दोन सेल, आपण भिंतीवरील घड्याळांत घालतों तसले. ते बदलावयास वरचेवर जाणें म्हणजे पक्ष्यांस पुन्हां तोच उपद्रव. तेव्हां सेल टिकले पाहिजेत, व निरोपही पोंचला पाहिजे.

उष्णमान मोजण्यास शक्ति थोडीच लागते. ती खर्ची पडते बोलण्यांत. आणि नवल असें कीं, ऐकण्यांतही जवळजवळ तितकीच! निरोप येवो वा न येवो, कान उघडे ठेविले कीं सेल झिजूं लागतो. म्हणून अशीं यंत्रें बहुतेक वेळ निजून असतात. बेटावरील यंत्रें दर ७० सेकंदांनीं मोजणी धाडीत, परंतु तिची पोंच मागत नसत. एक आंकडा हरवला तर दुसरा मागून येतोच. आमच्या मतें हें शहाणपणाचें होतें. परंतु रानांतील वणव्याची वर्दी देणाऱ्या यंत्रास असें निश्चिंत राहून कसें चालेल?

शिवाय अंतर दुप्पट झालें कीं मोकळ्या हवेंतही चौपट शक्ति लागते. याकरितां दूरचा निरोप एका यंत्रानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास, असा पुढें देतात. येथें थोडें गणित करूं. प्रत्येक टप्प्यावर १०० पैकीं ९० निरोप सुखरूप जातात असें धरिलें, तर पांच टप्प्यांनंतर सुमारें ५९ च उरतात. (वरच्या वर्गांतील मुलांनीं ०.९ चा पांचवा घात काढून पाहावा.) आतां पोंच मागावी कोणाकडे? शेवटच्या ठाण्याकडे मागितली, तर चौथ्या टप्प्यावर हरवलेला निरोप पुन्हां मुळापासून धाडावा लागतो, व आधींच्या तीन टप्प्यांचा खर्च वायां जातो. त्याऐवजीं प्रत्येकानें शेजाऱ्याकडूनच पोंच घेतली, व ती न आल्यास एकदांच पुन्हां धाडलें, तर टप्प्यागणिक १०० पैकीं ९९ व शेवटीं सुमारें ९५ निरोप पोंचतात. पोंच ऐकण्यापुरतें क्षणभर जागें राहावें लागतें, एवढाच काय तो अधिक खर्च.

तरी एक अडचण राहतेच. मुख्य ठाण्याजवळच्या यंत्रांवर साऱ्यांचे निरोप वाहण्याचा भार पडून त्यांचे सेल प्रथम संपतात, आणि मागील यंत्रांत शक्ति असूनही त्यांचा आवाज पुढें जात नाहीं. म्हणून निरोपाची वाट आंखतांना ती जवळची आहे कीं नाहीं एवढेंच पाहत नाहींत; वाटेवरील कोणाच्या सेलांत किती शक्ति उरली आहे, हेंही पाहतात.