विश्लेषण : जुन्या पिकअपचा ‘फोर-बाय-फोर’ कधी लागतो, कधी लागत नाही… दोष मोटरचा की वायरचा?

स्वारगेटहून सामान भरून निघालेली दहा-बारा वर्षे जुनी पिकअप कात्रज, नसरापूर ओलांडून राजगड तालुक्यातल्या कच्च्या रस्त्याला लागते. पावसाने चिखल झालेला असतो. चालक डॅशबोर्डवरचे बटण ‘टू-एच’वरून ‘फोर-एच’वर फिरवतो. दिवा लुकलुकत राहतो, पुढची चाके मात्र ढिम्म. दोन दिवसांनी गाडी कोरड्या हवेत गॅरेजमध्ये आणली की पहिल्याच झटक्यात फोर-व्हील लागते. मेकॅनिक म्हणतो, चालतंय की! अशा दोन-तीन चकरा झाल्या की ठरलेला सल्ला येतो: मोटर बदलून टाका.

महागडी मोटर बदलूनही पुढच्या पावसात दिवा पुन्हा लुकलुकू शकतो. कारण येणारा-जाणारा बिघाड हा बहुतेक वेळा सुट्या भागाचा नसून जोडाचा असतो.

बटण फिरवल्यावर नेमके काय होते?

जुन्या जीपमध्ये फोर-व्हीलसाठी गिअरशेजारी दुसरा दांडा असे. दांडा ओढला की काम झाले. महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून बाजारात आली. तिच्यावर बेतलेली गेटअवे, टाटाची झेनॉन किंवा २०१६ मध्ये भारतात आलेली इसुझूची व्ही-क्रॉस या पिकअपच्या फोर-बाय-फोर मॉडेलमध्ये दांड्याची जागा बटणाने घेतली.

बटण फक्त मागणी नोंदवते. ती एका छोट्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलकडे जाते. मॉड्यूल गाडीचा वेग पाहते, ‘फोर-एल’ हवे असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये आहे का हे तपासते आणि मगच ट्रान्सफर केसवरच्या मोटरला वीज देते. मोटर कुठपर्यंत फिरली हे तिच्याजवळचा पोझिशन सेन्सर मॉड्यूलला कळवतो. पुढच्या ॲक्सलची जोडणी काही गाड्यांत व्हॅक्यूमवर, तर काहींत आणखी एका मोटरवर होते.

काही क्षण दिवा लुकलुकणे स्वाभाविक आहे. तो लुकलुकतच राहिला तर मागणी आणि प्रत्यक्ष स्थिती जुळलेली नाही, एवढेच कळते. ‘मोटर गेली’ असा त्याचा अर्थ नाही. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरही इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. ते बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात, ट्रान्सफर केसच्या मॉड्यूलपर्यंत पोहोचत नाहीत.

मग बिघाड लपतो कुठे?

ट्रान्सफर केस गाडीच्या पोटाखाली असते. चिखल, पाणी, दगड आणि सायलेन्सरची उष्णता हे सगळे तिच्या वाट्याला येते. तिथल्या कपलरचे रबर सील दहा वर्षांत कडक होते, पाणी आत शिरते आणि पितळेच्या पिनांवर हिरवा थर चढतो. वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरने गाडी धुतल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा.

याशिवाय घासलेली वायरिंग, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आहेतच. आणि पुणेकर गाड्यांची खासियत म्हणजे जादा हॉर्न, म्युझिक सिस्टीम, एलईडी बार यांच्यासाठी मूळ वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळून केलेले जोड. टेप काही वर्षांत सुटते, तांबे काळे पडते. बदनामी मात्र कंपनीच्या वायरिंगची होते.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे अर्थ. बॅटरीच्या मायनसपासून चॅसिसला आणि बॉडीला गेलेल्या पट्ट्या गंजल्या की वीज परतण्याची वाट अडते. तेव्हा हेडलाइट मंद होणे, काटे थरथरणे अशीही लक्षणे दिसू शकतात. मालक त्यांचा फोर-व्हीलशी संबंध लावत नाही.

मल्टिमीटर ‘ओके’ दाखवतो, तरी बिघाड कसा?

वायर काढून तिची कंटिन्युइटी तपासली जाते, मीटर ‘बीप’ करतो आणि वायर निर्दोष सुटते. पण आतल्या बहुतेक तारा तुटून दोन-तीनच उरल्या असल्या तरी मीटर बीप करणारच. मीटर स्वतः अगदी कमी करंट सोडतो. तेवढा करंट त्या दोन तारांतूनही आरामात जातो.

समजा, मोटर १० अँपिअर घेते आणि गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.३ ओहम आहे. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाही रोध जवळपास तेवढाच असतो. त्यामुळे हा आकडा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. पण ओहमचा नियम लावला तर त्या जोडावर तब्बल ३ व्होल्ट खर्च होतात. बॅटरीत १२.५ व्होल्ट असताना मोटरला मिळतात ९.५. गाडी कोरडी असेल, तेल गरम आणि पातळ असेल तर मोटर तेवढ्यावरही फिरते. थंड, ओल्या सकाळी अडते. ‘कधी चालते, कधी नाही’ याचे कोडे बऱ्याचदा इथे सुटते.

म्हणून मोजायचे ते वायर जोडलेली असताना आणि काम सुरू असताना. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरे मॉड्यूलच्या अर्थ पिनवर लावावे. मोटरवर अर्थ शोधू नये. अनेक गाड्यांत मॉड्यूलच प्लस-मायनस उलटवून तिला दोन्ही दिशांना फिरवते. आता दुसऱ्याने चावी चालू करून, क्लच दाबून बटण फिरवावे. त्या क्षणी ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थ कमजोर आहे. प्लसच्या बाजूला, म्हणजे बॅटरीच्या प्लसपासून मॉड्यूलच्या सप्लाय पिनपर्यंत, अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेता येते.

हेडलाइटचा जुना ५५ वॉटचा बल्बही कामाचा. मोटरचा कपलर काढून तिच्या दोन सप्लाय पिनांवर बल्ब लावला आणि बटण फिरवल्यावर तो क्षणभर लख्ख पेटला, तर मॉड्यूलपासून इथपर्यंतचा सप्लाय ठीक आहे. मिणमिणला तर वाट खराब. सेन्सरच्या बारीक वायरींवर मात्र बल्ब लावू नये. मॉड्यूल जळू शकते.

बिघाड समोर येतच नसेल तर?

त्याला बोलावून आणावे लागते. गाडी चालू ठेवून वायरिंग एकेका ठिकाणी हलवायची, कपलरवर स्प्रे बाटलीने पाणी मारायचे, मॉड्यूलला हेअर ड्रायरने जरा गरम करायचे. पाण्याने दिवा लुकलुकू लागला तर कपलर, उष्णतेने लागला तर रिले किंवा मॉड्यूलमधला सुटलेला सोल्डर, धक्क्याने लागला तर घासलेली किंवा तुटत आलेली वायर.

यासाठी मालकाची नोंद मेकॅनिकच्या हत्यारांइतकी मोलाची. पाऊस होता का, गाडी किती वेळ चालली होती, एसी-हेडलाइट चालू होते का, हे मोबाइलवर टिपून ठेवावे. लुकलुकणाऱ्या दिव्याचा व्हिडीओ असेल तर ‘चालतंय की’ हा वादच संपतो.

काही वेळा बिघाड विजेचा नसतोच. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असतील तर दोन्ही ॲक्सल वेगळ्या गतीने फिरतात, ट्रान्सफर केसमध्ये ताण साठतो आणि निरोगी मोटरलाही गिअर सुटत नाही. चार-पाच मीटर रिव्हर्स घेतल्यावर दिवा विझला, तर वायरिंग उघडण्याआधी टायर पाहावेत.

यात धोका कोणता?

मोटर अर्ध्यावर अडकली तर ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहू शकते. तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी असली तरी उतारावरून घरंगळू शकते, कारण इंजिन आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. वरंधा किंवा ताम्हिणीसारख्या घाटात दिवा लुकलुकत असताना गाडी थांबवलीच, तर हँडब्रेक पूर्ण ओढून चाकाला दगड लावल्याशिवाय खाली उतरू नये. गाडीखाली शिरून मोटर तपासतानाही हेच करावे.

दुरुस्ती झाल्यावर चाचणी घेण्याची घाई स्वारगेटच्या कोरड्या डांबरी रस्त्यावर करू नये. अशा पृष्ठभागावर फोर-व्हील लावून वळणे घेतली की तोच ताण पुन्हा साठतो आणि नुकताच दुरुस्त झालेला दिवा परत लुकलुकू लागतो. ओली माती किंवा खडीचा सरळ तुकडा शोधावा, आणि कपलरवर पाणी मारूनच बटण फिरवून पाहावे.