पाण्याचा ताण आणि ज्वारीची ऊर्जा

सोलापूर, बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रब्बी ज्वारीला पेरणीनंतर पुष्कळदा एकही पाऊस लाभत नाही. खोल काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच तिला दाणा भरावा लागतो. ओल सरत आली म्हणजे या पिकाच्या शरीरात ऊर्जेचा जमाखर्च कसा बदलतो, हे पाहण्यासारखे आहे.

पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते. त्या ऊर्जेतून ‘ए.टी.पी.’ हे ऊर्जावाहक द्रव्य तयार होते आणि त्याच्या बळावर हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडपासून साखर बनते. जमीन कोरडी पडू लागताच वनस्पतीत ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते व पर्णरंध्रे मिटू लागतात. पाणी वाचते, परंतु कार्बन डाय-ऑक्साइडची वाटही त्याच रंध्रांतून असल्याने ती अरुंद होते. येथे ज्वारीची विशेष रचना कामी येते. ती हा वायू पानातील आतल्या पेशींत एकवटून ठेवते, त्यामुळे रंध्रे अर्धवट मिटलेली असतानाही काम चालू राहते. अर्थात ही सोय फुकटची नव्हे. वायूच्या प्रत्येक रेणूमागे तिला किमान दोन ए.टी.पी. जादा मोजावे लागतात.

ताण वाढला म्हणजे अडचण उलटी होते. ऊन भरपूर, पण ते वापरणार कोण? अतिरिक्त ऊर्जेमुळे ऑक्सिजनची घातक रूपे निर्माण होऊन पेशींना इजा पोहोचते. पानांतील पिवळी रंगद्रव्ये या ऊर्जेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकण्यास साहाय्य करतात. पानांची सुरळी होते, तीही ऊन चुकविण्यासाठीच. दुपारी गुंडाळलेली पाने पाहून पीक गेले असे समजणे घाईचे ठरते. पहाटे ती उलगडत असतील तर पीक अद्याप सावरू शकते.

मिळकत घटली तरी श्वसनाचा खर्च थांबत नाही. खरी कसोटी दाणे भरताना लागते. पानांकडून साखर पुरेनाशी झाली की कणीस ताटातील साठ्याला हात घालते. दाणा कसाबसा भरतो, पण ताट आतून रिकामे व दुर्बळ होते. अशा ताटात मातीतील ‘मॅक्रोफोमिना’ बुरशी सहज शिरते. हाच शेतकऱ्यांच्या परिचयाचा खडखड्या रोग. पीक लोळते, दाणा बारीक राहतो आणि जनावरांच्या तोंडचा कडबाही वाया जातो.

म्हणूनच एकच संरक्षित पाणी देता येत असेल, तर ते पोटरीच्या अवस्थेत, पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी द्यावे, अशी शिफारस आहे. पाण्याची सोयच नसल्यास दातेरी कोळप्याने कोळपणी करून भेगा बुजवाव्यात. त्या भेगांतून उडून जाणारी ओल पुढे दाण्याच्या उपयोगी पडते.